विषाचा बंदोबस्त : प्रस्तावना

उकिरड्यात जे जे म्हणून लोटावे, मग तो पालापाचोळा असो, घरातले उष्टेखरकटे असो की गोठ्यातले शेणमूत असो, ते ते दोन पावसाळ्यांच्या आत माती होऊन जाते, हा आपल्या शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असल्यामुळे, भूमीच्या उदरात गेलेली प्रत्येक घाण कालांतराने शुद्ध होतेच, अशी एक श्रद्धा आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे की तिची उलटतपासणी करण्याचे प्रयोजन कोणास सहसा वाटत नाही. मनुष्याने टाकलेल्या वस्तू जोवर जीवसृष्टीतूनच आलेल्या होत्या तोवर ही श्रद्धा खोटीही नव्हती. जे सजीवांनी घडविले ते मातीतल्या सूक्ष्म जीवांना मोडता येत होते, आणि मोडलेल्याचे पुन्हा अन्न होत होते. परंतु खाणीतून उपसलेले शिसे, जस्ताच्या खनिजाबरोबर वर आलेले कॅडमियम, कातडी कमावण्यासाठी वापरलेले क्रोमियम, फुटलेल्या तापमापकातून सांडलेला पारा, ही द्रव्ये मातीत मिसळली म्हणजे त्यांना मोडील असा जीव या पृथ्वीवर नाही. कारण ती मूलद्रव्ये आहेत आणि त्यांच्यात मोडण्यासारखे काही नाहीच. शंभर वर्षांपूर्वी शेतात पडलेला शिशाचा अणू आज शिशाचाच आहे, आणि आणखी हजार वर्षांनीही तो शिशाचाच राहणार आहे.

आपल्या जुन्या रसशास्त्रात धातूच्या ‘मारणा’ची परिभाषा आहे, पुटे देऊन त्याचे भस्म झाले आणि ते पाण्यावर तरंगू लागले म्हणजे धातू मेला, असे रसवैद्य मानीत. आधुनिक रसायनशास्त्राचा या शब्दास आक्षेप आहे, कारण त्याच्या मते धातू मरत नाही, तो केवळ वेष पालटतो. परंतु हा वेषपालटही सामान्य गोष्ट नव्हे. वाफ होऊन फुप्फुसात शिरणारा पारा प्राणघातक असतो. तोच पारा गंधकाशी संयोग पावून हिंगूळ झाला की पाण्यात जवळजवळ विरघळेनासा होतो. धातू तोच, वजन तेवढेच, भय मात्र निराळे. या एका भेदावर प्रस्तुत विषयाची सारी इमारत उभी आहे, आणि म्हणूनच पुढील प्रकरणांत शिरण्यापूर्वी तो भेद वाचकाच्या मनात पक्का व्हावा, एवढ्याचसाठी ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

विषारी धातूंनी दूषित झालेल्या जमिनीचे काय करावे, या प्रश्नाला आजवर मुख्यतः तीन उत्तरे देण्यात आली आहेत. पहिले उत्तर म्हणजे ती माती उपसून दुसरीकडे नेणे. हे उत्तर ऐकावयास सोपे असले तरी एका हेक्टरातील केवळ वीस सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम वीतभर जाडीचा थर काढावयाचा म्हटले तरी सुमारे अडीच हजार टन माती उचलावी लागते, आणि ती जेथे नेऊन टाकावी तेथील रहिवाशांची हरकत रास्तच असते. दुसरे उत्तर म्हणजे धातू मातीतून काढून घेणे, मग ते आम्लांनी धुऊन असो किंवा धातू शोषून घेणाऱ्या वनस्पतींची लागवड करून असो. त्यांपैकी पहिल्या प्रकाराने मातीचे मातीपणच जाते, आणि दुसऱ्यास इतकी वर्षे लागतात की तोवर त्या जमिनीवर पोट असलेल्या कुटुंबाने काय खावे हे कोणी सांगत नाही. तिसरे उत्तर या दोहोंपेक्षा नम्र आहे. ते म्हणते, धातू जेथे आहे तेथेच असू द्या, पण त्याचे हातपाय बांधा. तो पाण्यात उतरणार नाही, मुळात चढणार नाही, आणि धुळीबरोबर एखाद्या बालकाच्या पोटात गेलाच तर तेथेही विरघळणार नाही, अशी तजवीज करा. या तजविजीला शास्त्रीय परिभाषेत अचलीकरण किंवा स्थिरीकरण म्हणतात. आमच्या जुन्या दफ्तरी भाषेत तिला नजरकैद म्हटले असते, आणि पुढील विवेचनावरून दिसेल की दफ्तराचा शब्दच अधिक अचूक आहे.

नजरकैदेच्या या विद्येत पहिला धडा मोजणीचा आहे. मातीत एकूण धातू किती, हा प्रश्न प्रयोगशाळेत तीव्र आम्लांत माती विरघळवून सोडवता येतो. पण अचलीकरणापूर्वी आणि नंतर हा आकडा तोच राहतो, त्यामुळे यशापयशाचा निवाडा त्यावरून करता येत नाही. निवाडा करावयाचा तर त्यांपैकी हिंडता-फिरता अंश किती, हे पाहावे लागते. आपल्या माती-परीक्षण केंद्रांत जस्त आणि लोह यांची उपलब्धता डीटीपीए नावाच्या द्रावणाने काढतात. पिकाच्या मुळाला धातू किती मिळेल याचा अंदाज घेण्याचाच तो एक मार्ग आहे. बालकाच्या पोटाचा प्रश्न असेल तेव्हा जठरातल्याइतक्या आम्ल, म्हणजे दीड सामूच्या द्रावणात, शरीराच्या सदतीस अंश उष्णतेवर, माती तासभर घुसळून किती शिसे सुटते ते पाहतात. कचराभूमीत काय झिरपेल हे पाहावयाचे असेल तर सौम्य आम्लात अठरा तास घोळवण्याची निराळी कसोटी आहे. एकाच मातीला या तीन साक्षीदारांसमोर उभे केले तर तीन निरनिराळ्या जबान्या मिळतात, आणि तिन्ही खऱ्या असतात. ज्याला आपले हित कोणाच्या तोंडून वदवून घ्यावयाचे आहे तो त्यांपैकी एकच जबानी पुढे करतो. म्हणून कोणाचा बचाव करावयाचा आहे, पिकाचा, विहिरीचा की मुलाचा, हे कामाच्या आरंभीच कागदावर उतरले पाहिजे.

हा विषय जगाच्या लक्षात आणून देण्याचे दुर्दैवी श्रेय जपानातील जिंझू नदीच्या खोऱ्याकडे जाते. नदीच्या वरच्या अंगाला गिफू प्रांतात कामिओका येथे जस्त आणि शिसे यांची जुनी खाण होती. तिच्यातून निघणाऱ्या मळीबरोबर कॅडमियम नदीत उतरे, नदीतून पाटात, पाटातून तोयामा प्रांतातल्या भातखाचरांत, आणि खाचरांतून ताटातल्या भातात. खोऱ्यातल्या प्रौढ स्त्रियांची, विशेषतः अनेक बाळंतपणे झालेल्यांची, मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, हाडे मऊ पडू लागली, आणि साध्या खोकल्यानेही बरगड्या मोडू लागल्या. ‘इताइ, इताइ’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हे त्यांचे विव्हळणेच त्या रोगाचे नाव होऊन बसले. नोबोरू हागिनो या स्थानिक वैद्याने खाणीकडे बोट दाखवले तेव्हा त्याच्या वाट्याला बराच उपहास आला. परंतु १९६८ साली जपान सरकारने कॅडमियम हे कारण अधिकृतपणे मान्य केले, आणि १९७२ साली वरिष्ठ न्यायालयानेही रहिवाशांच्या बाजूनेच कौल दिला.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट खटला संपल्यानंतर सुरू होते. खाचरांतले कॅडमियम निकालाने नाहीसे झाले नव्हते. म्हणून १९७९ पासून २०१२ पर्यंत, तब्बल तेहेतीस वर्षे, सुमारे ८६३ हेक्टर जमिनीचे पुनःस्थापन चालले होते, आणि त्यास सुमारे ४,०७० कोटी येन खर्च आला. ही सारी विषारी माती कोठे दूर नेऊन टाकली असेल अशी वाचकाची समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुतः ती बव्हंशी त्याच खाचरांच्या पोटात खाली पुरण्यात आली, तीवर घट्ट दाबलेला थर देण्यात आला, आणि त्यावर डोंगराकडची स्वच्छ माती पसरण्यात आली. याचा अर्थ एवढाच की जगातल्या एका अत्यंत समृद्ध आणि शिस्तप्रिय राष्ट्राने, एवढा कालावधी आणि एवढे द्रव्य खर्चूनही, विषाचा नाश केला नाही. तळघर बांधून त्यास कोंडले. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९७२ च्या करारान्वये रहिवाशांनी आपल्या पसंतीचे शास्त्रज्ञ बरोबर घेऊन, खाण चालवणाऱ्या कंपनीच्या खर्चाने, खाणीच्या आवारात शिरून तपासणी करण्याचा हक्क मिळवला, आणि तेव्हापासून दरसाल ती तपासणी होत आली आहे. तुरुंगाच्या भिंतीइतकाच पहारेकरीही आवश्यक असतो, हे त्या शेतकऱ्यांनी शास्त्रज्ञांच्याही आधी ओळखले होते.

आता बांधण्याच्या दोरांकडे वळू. त्यांतील सर्वांत जुना आणि स्वस्त दोर म्हणजे चुना. चुन्याने मातीचा सामू वाढला की कॅडमियम, शिसे, जस्त यांचे धनभारित आयन मातीच्या कणांना अधिक घट्ट चिकटतात आणि मुळांच्या वाटेला कमी येतात. सेंद्रिय कर्ब, चिकणमाती, लोहाचे ऑक्साइड आणि कोंडलेल्या हवेत जाळून केलेला कोळसा, म्हणजे बायोचार, हे त्याच कामातले इतर सहकारी होत. शिशासाठी मात्र निसर्गाने एक खास साखळदंड राखून ठेवला आहे. शिशाचे पाच अणू, तीन फॉस्फेट आणि एक क्लोराइड यांच्या योगाने पायरोमॉर्फाइट नावाचे खनिज होते, आणि शिशाच्या खाणींच्या वरच्या थरात ते हिरवट स्फटिकांच्या रूपाने आपोआपही आढळते. ते इतके अविद्राव्य आहे की एकदा त्यात जखडलेले शिसे जठराच्या आम्लालाही सहजासहजी दाद देत नाही. आपल्या कृषिविद्येत ज्याला स्फुरद म्हणतात ते द्रव्य मातीत पुरवले की ही साखळी घडू लागते, आणि हाड हे स्फुरदाचेच कोठार असल्यामुळे हाडांच्या भुकटीचा उपयोग त्या कामी होतो. २०११ साली अमेरिकेतील ओकलंड शहरात, जुन्या घरांच्या रंगांतून आणि शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरातून परसांत साठलेल्या शिशावर सरकारी पर्यावरण खात्याने अलास्काच्या माशांची दळलेली हाडे पसरून हाच प्रयोग केला. पिढ्यान्‌पिढ्या हाडाच्या खताकडे नाक मुरडणाऱ्या आपल्या समाजाने या वार्तेवर थोडा विचार करावा.

मात्र या शास्त्रात सर्वांना एकच दावे लागू पडत नाही, आणि अर्धवट ज्ञानाने सर्वांत अधिक अनर्थ येथेच होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या सफरचंदाच्या बागांचे उदाहरण घ्या. डीडीटी येण्यापूर्वी फळांतील अळीचा नायनाट करण्यासाठी तेथे अनेक दशके लेड आर्सेनेट फवारले जात असे; त्या नावातच त्या मातीचे दुहेरी दुर्दैव सांगितलेले आहे, कारण त्या बागांत शिसे आणि आर्सेनिक ही दोन्ही विषे एकत्र साठली. आर्सेनिक, ज्याच्या एका संयुगाला आपले वैद्य सोमल म्हणत, हे मातीत बहुधा ऋणभारित रूपाने वावरते, आणि त्याची घडण फॉस्फेटशी इतकी मिळतीजुळती असते की लोहाच्या ऑक्साइडवर बसण्यासाठी दोघांत जागेचा तंटा लागतो. अशा बागेत शिसे बांधण्यासाठी स्फुरद टाकले की स्फुरद आर्सेनिकला बेदखल करून त्याची जागा घेते, आणि सुटलेले आर्सेनिक पाण्याबरोबर खाली जाते. एक कैदी जखडताना दुसऱ्याची बेडी निघते, असा हा प्रकार आहे.

भाताच्या खाचरात हीच विसंगती दुसऱ्या रूपाने भेटते. खाचर पाण्याने भरलेले ठेवले की त्यातला प्राणवायू संपतो, गंधकाचे सल्फाइड होते, आणि कॅडमियम त्याच्याशी जोडले जाऊन गप्प बसते. पण त्याच प्राणवायूहीन चिखलात लोहाचे ऑक्साइड विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते. खाचर वाळवले तर बरोबर उलट घडते. चीनच्या हुनान प्रांतातील कॅडमियमयुक्त तांदळाचा गवगवा २०१३ साली झाला, आणि पुढच्याच वर्षी चीन सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रव्यापी मृदापरीक्षणात १६.१ टक्के नमुने मर्यादेबाहेर निघाले, कॅडमियमच्या बाबतीत ७ टक्के. तेव्हा तेथील कृषिखात्याने कमी कॅडमियम शोषणारे वाण, पाण्याचे नियोजन आणि चुना असा तिपेडी दोर वळला. जपानी शास्त्रज्ञांनी आपल्या लाडक्या कोशिहिकारी भातात असे परिवर्तन घडवून आणले की त्याच्या मुळाचे कॅडमियमला असलेले दारच मिटावे. ते संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. अशा वाणामुळे कॅडमियमच्या भयाने खाचर सतत तुडुंब ठेवण्याची गरज उरत नाही, आणि आर्सेनिकचीही वाट काही अंशी अडते.

आपल्या देशाचा प्रश्न विशेषतः क्रोमियमच्या रूपाने उग्र झालेला आहे. उत्तर प्रदेशातील कानपूर देहात जिल्ह्यात रनिया आणि खानचांदपूर येथे, चर्मोद्योगासाठी क्रोमियमचे क्षार करणाऱ्या कारखान्यांचा गाळ वर्षानुवर्षे उघड्यावर साठला, आणि हातपंपांचे पाणी पिवळे येऊ लागले. तमिळनाडूतील रानीपेट येथेही बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात तशीच रास उभी आहे. क्रोमियमचे दोन स्वभाव आहेत. षट्‌संयुजी क्रोमियम पाण्याबरोबर धावते आणि कर्कजनक आहे. त्रिसंयुजी क्रोमियम मातीला चिकटून राहते आणि तुलनेने निरुपद्रवी असते. म्हणून येथे बांधण्याआधी स्वभाव पालटावा लागतो, आणि तो पालटण्यास हिराकस किंवा साखर कारखान्यांतील मळी यांसारखी साधी द्रव्येही उपयोगी पडतात. परंतु या राशींत प्रक्रियेसाठी वापरलेला चुना शिल्लक असल्यामुळे त्यांचा सामू अत्यंत चढलेला असतो, आत कोंडलेले विष सावकाश बाहेर पाझरत राहते, आणि एका वर्षी शिंपडलेली हिराकस पुढच्या वर्षीच्या झिरप्याला पुरत नाही. मातीत मँगनीजचे ऑक्साइड असले तर त्रिसंयुजी क्रोमियम काही अंशी पुन्हा षट्‌संयुजी होऊ शकते, हीदेखील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला या सर्वांतून आपल्या पायाखालच्या भूमीविषयी काय कळते, हा प्रश्न रास्त आहे. दख्खनच्या पठारावरील काळी माती चुनखडीयुक्त आणि विम्ल असते, तिच्यातील चिकणमातीची धन-आयन धरून ठेवण्याची शक्ती मोठी असते; त्यामुळे कॅडमियम आणि शिसे यांना ती उपजतच बरीच वेसण घालते. कोकणातील जांभ्याची माती आम्ल असल्याने तीत हे धातू अधिक मोकळे फिरतात. पण तिच्यात लोहाचे ऑक्साइड विपुल असल्यामुळे आर्सेनिकला मात्र ती अधिक घट्ट धरते. परदेशातला एखादा उपाय जसाच्या तसा उचलून घाटाच्या दोन्ही अंगांना सारखाच लावावा, ही कल्पना यामुळे निकालात निघते. शिवाय काळ्या मातीच्या भरवशावर निर्धास्त होण्याचेही कारण नाही. वर्षानुवर्षे अमोनियायुक्त खते घातली की सामू हळूहळू उतरतो, आणि ज्या खनिजापासून स्फुरदाचे खत होते त्यात काही खाणींच्या बाबतीत कॅडमियमही असते, म्हणजे बांधणाऱ्याच्या पिशवीतूनच कैदी आत येतो.

येथे एका गंभीर आक्षेपाचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. अचलीकरण म्हणजे दूषण करणाऱ्याला स्वस्तात सुटका देण्याची युक्ती आहे, केर सतरंजीखाली सारण्याचा शास्त्रीय प्रकार आहे, असे काही विचारवंत म्हणतात. या आक्षेपात सत्यांश आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे विष अत्यंत तीव्र आहे, जागा लहान आहे आणि वस्ती दाट आहे, तेथे माती उचलणे हेच कर्तव्य आहे; आणि जेथे अद्याप धुराडे किंवा मोरी विष ओकतच आहे, तेथे चुना आणि हाडांची भुकटी टाकीत बसणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. परंतु जेथे दूषण शेकडो हेक्टरांवर विरळ पसरले आहे, आणि त्याच जमिनीवर माणसांना पिकवून खावयाचे आहे, तेथे ‘सर्व किंवा काहीच नाही’ असा हट्ट धरला तर वाट्याला बहुधा ‘काहीच नाही’ हेच येते. दोष बांधण्यात नाही. बांधून झाल्यावर पाठ फिरवण्यात आहे. चुन्याचा परिणाम काही वर्षांनी उतरतो, सेंद्रिय द्रव्य कुजते, बायोचार जुनाट होतो, पाण्याची पातळी चढते-उतरते. दोर कोणताही असो, तो मुदतीचा असतो, आणि मुदत संपण्यापूर्वी त्याची रुजुवात घेणारा कोणी तरी असावा लागतो.

पुढील प्रकरणांत प्रथम धातूंचे स्वभाव, मग बांधणारी द्रव्ये, नंतर मोजणीच्या कसोट्या आणि शेवटी दीर्घकालीन देखरेख, असा क्रम ठेवला आहे. परिभाषेच्या बाबतीत शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेले सामू, स्फुरद, पोयटा असे शब्द आवर्जून राखले आहेत. जेथे मराठी प्रतिशब्द केवळ कोशात सापडतो तेथे परकी शब्दच देवनागरीत लिहिला आहे. हे लेखन जसे मृदाशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी आहे तसेच ते ग्रामसेवक, तलाठी, कारखान्यालगतच्या गावचा सरपंच आणि जमीन विकत घेऊ पाहणारा गृहस्थ यांच्यासाठीही आहे. वाचताना रासायनिक सूत्रे अवघड वाटल्यास ती खुशाल ओलांडावीत, पण देखरेखीचे शेवटचे प्रकरण कोणी वगळू नये.

केंद्र शासनाने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम २०२५ साली जारी केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु नियम राजधानीच्या राजपत्रात राहतात, आणि जमीन हातोहात फिरते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर विहीर, बोजा, कुळाचा हक्क यांची नोंद होते. मग या भूमीच्या पोटात अमुक धातू अमुक साली अमुक द्रव्याने बांधून ठेवला आहे, येथे खोल नांगरट करू नये, आणि दर काही वर्षांनी माती तपासून घ्यावी, अशी एक ओळ ‘इतर अधिकारां’च्या रकान्यात का येऊ नये? कैदी तेथेच राहणार आहे आणि पहारेकरी बदलत जाणार आहेत. तेव्हा नव्या पहारेकऱ्याला निदान कैद्याचे नाव ठाऊक असावे, एवढीच या प्रस्तावनेच्या शेवटी वाचकांस आणि राज्यकर्त्यांस विनंती आहे.